ओला सदरा, गार अंग



दिवाळी आली की आपल्याकडचे लोक अस्तंब्याच्या यात्रेला निघतात. अश्वत्थाम्याचे ते ठिकाण. सातपुड्यातले शिखर १,३२५ मीटर उंच आहे. खाली सपाटीवर असते त्यापेक्षा तिथे हवा सहा-सात अंशांनी गार असते. वर वारा असतो तो वेगळाच.

एका वर्षी आम्हीही यात्रेकरूंच्या संगतीने गेलो. रात्रीचा चढ. एक पोरगा सगळ्यांच्या पुढे पळत होता. अंगात एकच सुती सदरा. तो घामाने चिंब झाला. वर पोचला आणि उजाडण्याची वाट बघत खडकावर बसला. थोड्या वेळाने तो थडथड कापू लागला. हातातला तांब्या गळून पडला. बोलताना जीभ अडखळू लागली.

एक जण म्हणाला, "दारूचे दोन घोट द्या, ऊब येईल."

एक म्हातारेबाबा होते. ते म्हणाले, "दारू नको. आधी त्याचा सदरा काढा."

सदरा पिळला तर पाणी निघाले! अंग पुसले, कोरडा सदरा घातला, वर घोंगडी दिली. दोघे जण त्याला चिकटून बसले. नीट गिळता येते असे पाहून गुळाचा गरम चहा पाजला. हळूहळू पोरगा बोलू लागला. तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

असे का झाले? माठाचे पाणी गार का होते ते आठवा. माठ पाझरतो, ते पाणी वाऱ्याने उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. ओला सदरा अंगावर असला म्हणजे आपलाच माठ होतो!

मग ऊब कशाने राहते? कापडात कोंडलेल्या हवेने. गोधडीच्या थरांत हवा असते, म्हणून ती उबदार. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे. थरांमध्ये हवा राहते आणि घाम येऊ लागला की एक काढता येतो. सुती कापड भिजले की ऊब गेली. लोकर भिजली तरी थोडी ऊब धरते. म्हणून मेंढपाळ घोंगडी सोडत नाही.

दारूने अंग तापल्यासारखे वाटते, पण आतली उष्णता कातडीवाटे बाहेर जाते. धोका वाढतो.

एवढे ध्यानात ठेवा:

चढताना कपडे कमी करा. थांबताच अंगावर घ्या.

एक कोरडा सदरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या.

डोके आणि कान झाका. वाऱ्याच्या आडोशाला बसा.

माणूस गार पडला असून कापणे थांबले, तो बरळू लागला किंवा झोपाळला, तर थंडी पळाली असे समजू नका. जीव धोक्यात आहे. कोरडे करा, पांघरूण घाला, लगेच दवाखान्यात न्या.

ही गोष्ट यात्रेपुरतीच नाही. पावसात गुरे राखणारा पोर, थंडीच्या रात्री पिकाला पाणी देणारा दादा, दोघांनाही ती लागू आहे. घरी आल्यावर आधी ओले कपडे काढा, मग शेकोटीजवळ बसा.