सुटीतील एक सहल : सण आणि स्मरण

उन्हाळ्याची सुटी लागली, की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो. मुलांना घेऊन जायचे कोठे? आपल्या बेळगाव भागातील पुष्कळ कुटुंबे आंबोलीचा घाट उतरून कोकणात किंवा गोव्यात जातात. कोणाची कुलदेवता तेथे असते, कोणाचे आजोळ असते. आम्हा ख्रिस्ती मंडळींना गावच्या फेस्ताचे आमंत्रण असते. हे सर्व योग्यच आहे. परंतु मुले घरी परत येतात ती खाजे, फुगे आणि पाळणा एवढ्याच आठवणी घेऊन. याउलट राष्ट्रीय दिनांचे स्मरण त्यांना घडते ते शाळेच्या पटांगणात, रांगेत उभे राहून. एकीकडे आनंद आहे पण अर्थ हरवला आहे; दुसरीकडे अर्थ आहे पण आनंद नाही. या दोहोंची सांगड एकाच दिवशी घालता येईल अशी एक सहल आज मी आपणांस सुचविणार आहे.

सावंतवाडीहून निघावे आणि प्रथम शिरोड्यास जावे. सकाळचे ऊन सौम्य आहे तोवरच मिठागरे पाहावी. भरतीचे पाणी आगरात कसे घेतात, उन्हाने ते कसे आटते आणि शेवटी पांढरे दाणे कसे उरतात, हे मुलांना जवळून दाखवावे. मग त्यांना सांगावे, की १९३० च्या मे महिन्यात, अशाच कडक उन्हात, या गावी मिठाचा सत्याग्रह झाला. सरकारी कायदा मोडून मूठभर मीठ उचलणे हा त्या काळी अपराध होता. मुलाच्या तळहातावर चार खडे ठेवून ही हकीकत सांगितली, तर पाठ्यपुस्तकातील धडा त्याला पुन्हा पाठ करावा लागत नाही. याच गावच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते, हेही सांगण्यास विसरू नये.

शिरोड्याहून पुढे रेडी लागते. तेथे १९७६ साली खाणीत सापडलेली द्विभुज गणपतीची भव्य मूर्ती आहे. तिचे दर्शन घेऊन पुढे निघाले, की थोड्याच अंतरावर तेरेखोलचा किल्ला येतो. नदीच्या उत्तर तीरावरचा हा चिमुकला प्रदेश गोव्याचा असला, तरी त्याची जमीन सिंधुदुर्गालाच लागून आहे. गोव्याकडून येणाऱ्यांना केरीहून नदी ओलांडावी लागते.

हा किल्ला मूळचा सावंतवाडीच्या भोसल्यांचा. १७४६ साली तो पोर्तुगीजांनी घेतला. किल्ल्याच्या चौकात संत अंतोनीचे देऊळ आहे आणि त्याचे फेस्त साधारणपणे मे महिन्यात भरते. एरवी बंद असणारे हे देऊळ त्या दिवशी सर्वांस खुले असते. मिस्सा होते, भेटीगाठी होतात. गोव्याकडे फेस्ताला आणि जत्रेला खाजे विकणारे पुष्कळदा तेच असतात. त्यांना दोन्ही देव सारखेच पावतात!

परंतु याच किल्ल्याला दुसरीही एक स्मृती आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही येथे शिरले आणि त्यांनी किल्ल्यावर तिरंगा फडकविला. पुढच्याच वर्षी, त्याच तारखेस, पनवेलचे हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर हे सत्याग्रही तेरेखोल येथे पोर्तुगीजांच्या गोळ्यांनी हुतात्मे झाले. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी. तो दिवस पाहण्याचे भाग्य त्या दोघांच्या वाट्यास आले नाही.

ही हकीकत मी घरी सांगितली, तेव्हा माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारले, "बाबा, देऊळ पोर्तुगीजांचे, मग झेंडा लावणारे आफोन्सो कोणाच्या बाजूचे?" प्रश्न लहान मुलाचा होता, पण तो मोठ्या माणसांच्याही मनात असतो. कित्येकदा तो तोंडावर विचारला जात नाही, एवढेच. मी त्याला म्हटले, "बाळ, संत अंतोनीचा जन्मही लिस्बनचाच. पण संत कोणत्या राज्याचा नोकर नसतो. राज्यकर्ते आले तसे गेले. देऊळ मात्र प्रार्थना करणाऱ्यांचे झाले. आफोन्सो हे नाव आपल्यासारखे आहे, आणि तो झेंडाही आपलाच आहे." त्याचे समाधान झाले की नाही, हे मी सांगू शकत नाही. मात्र त्या दिवसापासून तेरेखोलला केव्हा जायचे, असे तो सारखा विचारतो.

श्रोतेहो, म्हणूनच माझे सांगणे आहे, की अशा प्रश्नांची उत्तरे घरात आईवडिलांनीच दिली पाहिजेत. ती आपण दिली नाहीत, तर रस्त्यावर कोणीतरी देतो, आणि ती बहुधा कडवट असतात. भक्ती आणि देशप्रेम यांत भांडण लावणारे पुष्कळ आहेत. त्यांना उत्तर देण्यास वादविवादापेक्षा एक दिवसाची सहल अधिक उपयोगी पडते.

या सहलीस खर्च बेताचा येतो. दशम्या, लोणचे आणि पाण्याची सुरई बरोबर घ्यावी. दुपारचे ऊन मात्र टाळावे. देवळात मेणबत्ती लावली, की हुतात्म्यांची नावे मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावी आणि क्षणभर स्तब्ध उभे राहावे. आपला धर्म कोणताही असो, शेजाऱ्याच्या मुलांनाही बरोबर न्यावे. कारण हिरवे गुरुजी हे शिक्षक होते, आणि शिक्षकाच्या वर्गात सगळ्यांचीच मुले बसतात.