सैल पुली आणि फसवा धूर

डिझेल तेलावर चालणारी जुनी मोटार थंडीच्या सकाळीं लवकर सुरू होईनाशी झाली, सुरू होतांच पांढरा धूर ओकूं लागली आणि चढावर धापा टाकूं लागली, म्हणजे मालकाचा पहिला संशय तेलाच्या पंपावर जातो. मिस्त्रीही बहुधा तेथेंच हात घालतो. पंप किंचित् फिरवून तेलाची पिचकारी थोडी अगोदर उडेल अशी व्यवस्था तो करतो, मोटार सुधारल्यासारखी वाटते, आणि महिन्या दोन महिन्यांनीं तीच तक्रार घेऊन मालक पुन्हां दारांत उभा राहतो. अशा वेळीं खरा अपराधी कित्येकदां पंप नसून क्रँकशाफ्टच्या टोंकाला बसविलेली टायमिंग पुली असते. ती झांकणाआड असल्यामुळें तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं, इतकेंच.

उदाहरणादाखल जर्मनींतील फोक्सवॅगन कंपनीची गोल्फ ही मोटार घ्यावी. १९७६ सालीं तिच्यांत १४७१ घन सेंटिमीटरचें डिझेल इंजिन आलें. पुढें १९८० च्या सुमारास दट्ट्याची धांव वाढवून तें १५८८ घन सेंटिमीटरचें करण्यांत आलें. या इंजिनांत ठिणगी नाहीं. सिलिंडरांतील हवा सुमारें तेवीसपट दाबली जाऊन इतकी तापते कीं, तींत उडविलेलें तेल आपोआप पेटतें. अर्थात् तेल कोणत्या क्षणीं उडावें आणि झडपा कोणत्या क्षणीं उघडाव्या व मिटाव्या, यावरच सारा खेळ. हे दोन्ही क्षण एकच दांतेरी रबरी पट्टा सांभाळतो. क्रँकशाफ्टवरील पुली त्या पट्ट्याला ओढते, आणि तो झडपा हलविणारा कॅमशाफ्ट व तेलाचा पंप या दोघांना क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगानें फिरवितो.

पुली आणि शाफ्ट यांच्यामध्यें एक लहानशी पाचर असते. कारखान्यांत तिला ‘की’ म्हणतात. सारा भार ही पाचरच पेलते, असा पुष्कळांचा समज आहे, आणि तो चुकीचा आहे. पाचर फक्त पुलीची जागा दाखविते. पुली धरून ठेवते ती मधल्या मोठ्या बोल्टनें आणलेल्या दाबाची घट्ट पकड. याच इंजिनांत कॅमशाफ्टवरील पुली निमुळत्या टोंकावर पाचरीवांचून, केवळ घर्षणावर बसते, हें पाहिलें म्हणजे शंका राहूं नये.

ही पकड ढिली झाली कीं काय घडतें? चार सिलिंडरांचें हें इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असतां सेकंदाला १०० स्फोट होतात. प्रत्येक स्फोटाबरोबर शाफ्टला हिसका बसतो, आणि तितक्याच वेळां पुली पाचरीवर केंसभर आपटते. प्रथम तांबूस लोखंडी भुकटी दिसूं लागते. मग पाचर झिजते, आणि तिची खोबण रुंदावते. समजा, शाफ्टची त्रिज्या १५ मिलिमीटर आहे व खोबणींत अर्धा मिलिमीटर जागा झाली. तर पुली जवळजवळ दोन अंश मागें पडली. जेथें पंपाची जुळणी मिलिमीटरच्या शतांशांत मोजतात, तेथें दोन अंश म्हणजे थोडें नव्हे.

पुली मागें पडली म्हणजे तेल आणि झडपा दोन्ही उशिरा चालतात. पंप फिरविणारा मिस्त्री त्यांपैकीं तेल तेवढें सुधारतो. झडपा मागेंच राहतात. दट्ट्या वर येतो तेव्हां धूर बाहेर सोडणारी झडप अजून पुरती मिटलेली नसते, आणि या इंजिनांत दोहोंमधील अंतर फारच थोडें असतें. एखाद्या दिवशीं पाचर तुटते, दट्ट्या झडपांवर आदळतो, आणि एका बोल्टाच्या दुरुस्तीचें काम सबंध इंजिन उघडण्यावर जातें.

इंजिन मंद चालत असतां पट्ट्याच्या बाजूनें येणारा बोदा ठोका, बाहेरची पुली डुलणें आणि एकदां केलेली जुळणी न टिकणें, या खुणा दिसल्या तर झांकण काढून पाहावें.

दुरुस्तीच्या आरंभीं पहिला दट्ट्या फ्लायव्हीलच्या खुणेवर सर्वांत वर आणावयाचा, कॅमशाफ्टच्या खांचेंत पट्टी व पंपाच्या पुलींत खिळा घालावयाचा, आणि मग पट्टा उतरवावयाचा. ही पट्टी व हा खिळा केवळ जागा राखण्यासाठीं आहेत. त्यांच्या जोरावर मधला बोल्ट सोडविण्याचा आडदांडपणा करूं नये. त्यासाठीं फ्लायव्हीलच्या दांत्यांना वेगळी अडण द्यावी.

काटकसर नडते ती बोल्टाच्या बाबतींत. पट्टा बदलतांना चार पैसे वांचविण्यासाठीं जुनाच बोल्ट पुन्हां आंवळलेला असतो, आणि ढिलाईचा उगम कित्येकदां तेथेंच सांपडतो. बोल्ट हा वस्तुतः एक ताठ स्प्रिंगच आहे. ताणला जाऊन तो पकड देतो. ठराविक जोरानंतर आणखी ठराविक अंश फिरवावयाचा बोल्ट तर एकदांच वापरावयाचा असतो. पुली, पाचर आणि बोल्ट, तिन्ही नवीं घ्यावीं. आंवळण्याचें माप मोटारीच्या त्या त्या सालच्या पुस्तिकेंतूनच घ्यावें, आणि आट्यांना तेल लावावयाचें कीं नाहीं हेंही तेथेंच पाहावें. कारण पान्यावर तोच जोर असला तरी तेलकट आट्यांचा बोल्ट अधिक ताणला जातो.

शाफ्टचीच खोबण रुंदावली असेल तर प्रश्न बिकट. कोणी ती झाळून पुन्हां कोरतात, पण त्या उष्णतेनें शाफ्ट वांकण्याचें भय असतें. कोणी फटींत घट्ट होणारें रसायन भरून पुली बसवितात. तें कांहीं काळ टिकतें. मात्र ही तात्पुरती सोय आहे, असें मालकाला स्वच्छ सांगितलें पाहिजे. खरा उपाय नवा शाफ्ट, आणि जुन्या मोटारीच्या मालकाला तो बहुधा परवडत नाहीं.

नवा पट्टा चढविल्यावर पान्यानें इंजिन हातीं दोन पूर्ण फेरे फिरवून सर्व खुणा पुन्हां जुळतात कीं नाहीं तें पाहावें. त्यानंतर पंपाला मापक लावून त्याच्या दट्ट्याची हालचाल, जी या इंजिनांत सुमारें एक मिलिमीटर असते, पुस्तिकेप्रमाणें जुळवावी. पूर्वीच्या मिस्त्रीनें पंप पुढें सरकविलेला असतो, तो मागें आणणें येथें विसरतां कामा नये. तो तसाच राहिला तर तेल फार अगोदर उडतें, इंजिन कडक ठोके देऊं लागतें, आणि मालक पुन्हां पंपाचीच तक्रार घेऊन येतो.