कलावंताचा वाटा



कलावंताला शाल-श्रीफळ दिले की आपण मोकळे होतो. त्याची चूल कशावर पेटते, हे विचारीत नाही. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील आदिवासी चित्रकारांनी या प्रश्नाला कसा हात घातला, ते आज आम्ही सांगणार आहोत.

पापुन्या या वसाहतीत १९७१ साली जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या उत्तेजनाने वडीलधाऱ्या मंडळींनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीचे चित्र रंगविले. पुढल्याच वर्षी चित्रकारांनी ‘पापुन्या तुला’ ही स्वतःच्या मालकीची कंपनी काढली. रंग पुरवावेत, चित्रे विकावीत, पैसे चुकते करावेत, हे तिचे काम. दान नव्हे, व्यवहार!

तरी एक उणीव राहिलीच. क्लिफर्ड पॉसम यांचे ‘वार्लुगुलाँग’ हे चित्र १९७७ साली १,२०० डॉलरांना गेले. २००७ साली लिलावात त्याचे २४ लाख डॉलर आले! चित्रकार २००२ सालीच निवर्तले होते आणि या नफ्यात वारसांना वाटा देणारा कायदा तेव्हा नव्हता. तो २००९ साली झाला. जून २०१० पासून, नियमांत बसणाऱ्या फेरविक्रीत, किमतीचा शेकडा ५ वाटा चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना मिळू लागला.

आमच्या डहाणू-तलासरीकडील वारली चित्रे आज साड्यांवर नि पेल्यांवर झळकतात. ती विकत घेताना दुकानदाराला आपण एवढेच विचारावे : काढणाऱ्याच्या हाती काय पडले?