नावाची फाइल

कवीला सरकारी अर्जातलं काय कळणार, असं तुम्ही म्हणाल. पण ट्रेडमार्कचा, म्हणजे व्यापारचिन्ह नोंदवण्याचा अर्ज मला अलीकडे बारकाईनं वाचावा लागला आणि त्यात आमच्याच धंद्यातले प्रश्न निघाले. शब्द, लिपी, आवाज.

मिरजेत सतारी आणि तंबोरे घडवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानं गावाचं नाव राखलं गेलं. कारागिराचं स्वतःचं नाव मात्र ज्याचं त्यालाच राखावं लागतं, नाहीतर कुणीही तशीच चिठ्ठी छापून वाद्याच्या पोटात चिकटवावी. अशाच एका घरातला मुलगा माझ्याकडे आला. आजोबांच्या चिठ्ठीवर उर्दूत दोन शब्द होते, त्यांचा अर्थ त्याला लिहून हवा होता.

अर्ज ऑनलाइन भरला की एका व्यक्तीला एका वर्गासाठी ४,५०० रुपये पडतात. वाद्यांचा वर्ग पंधरावा. चिन्हाचं चित्र जेपीजी फाइल करून चढवायचं, आठ बाय आठ सेंटिमीटरच्या आत मावेल असं. मुलाच्या मोबाइलमध्ये दुकानाच्या पाटीचा फोटो तयार होता. पाटीमागे शटर, कोपऱ्यात फोन नंबर, वरून विजेची तार.

“चाचा, हाच चढवतो.”

“अरे, मग ती तारसुद्धा तुझ्या चिन्हात येईल!”

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही ही. अर्ज दाखल झाल्यावर चिन्हात महत्त्वाचा बदल करू देत नाहीत. चित्र चुकलं तर नवा अर्ज, नवी फी आणि तारीखही नवी. तोवर दुसऱ्यानं अर्ज टाकला असला, तर आजोबांचं नाव आपलंच आहे हे सिद्ध करत बसा. म्हणून चिठ्ठी नीट स्कॅन केली, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, नुसती. चिठ्ठी हिरवी होती. आम्ही काळी-पांढरीच दिली. रंगाचं बंधन न घालता नोंद झाली तर ती सगळ्या रंगांना लागू धरतात, असं कायदाच म्हणतो.

मग माझं काम. हिंदी-इंग्रजीखेरीज दुसऱ्या लिपीतले शब्द असले, तर त्यांचं नेमकं लिप्यंतर आणि भाषांतर द्यावं लागतं. दोन शब्दांतला एक होता ‘सोज’. आपल्या ‘ज’ला दोन उच्चार, इंग्रजीत झेड लिहायला सांगितलं. भाषांतराला मात्र संध्याकाळ गेली. जळणं? तळमळ? सुरातला दाह? ‘नेमकं’ हा शब्द ज्यानं नियमात घातला, त्यानं उर्दू गझल कधी ऐकली नसावी. शेवटी ‘तळमळ’च्या जवळचा इंग्रजी शब्द दिला.

नाव आधीपासून वापरात आहे असं म्हटलं, की प्रतिज्ञापत्र आणि पुरावे आले. आजोबांनी पावत्या कधी फाडल्या नव्हत्या. एका जुन्या ट्रंकेत रेल्वे पार्सलच्या काही पावत्या मिळाल्या, शाई उडालेल्या. त्या स्कॅन करून पीडीएफ केल्या. मोबाइलच्या उजेडात न दिसलेली तारीख स्कॅनमध्ये वाचता आली, तेव्हा पोराचे डोळे भरून आले.

जाता जाता त्यानं विचारलं, तंबोऱ्याचा आवाज नोंदवता येईल का? आवाज नोंदवता येतो हे खरं. भारतात याहूची हाळी २००८ सालीच नोंदली गेली. आताच्या, म्हणजे २०१७ च्या नियमांत त्यासाठी एमपीथ्री फाइल मागतात, फार तर तीस सेकंदांची, सोबत स्वरलेखन. पण ती हाळी ऐकली की एकच कंपनी आठवावी, अशी अट असते. तंबोऱ्याचा ‘सा’ ऐकून कुणाला एखादं दुकान आठवत नाही. मी त्याला म्हटलं, बाबा रे, तेवढा सगळ्यांचा राहू दे.