सूर लवकर मरतोय? कंप्रेसर पेडल घ्यायच्या आधी हे ऐका

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यूची तयारी नाही. आज गिटार. आणि गिटारमधलीही एकच गोष्ट: वाजवलेला सूर जास्त वेळ टिकवायचा कसा, आणि त्यासाठी कंप्रेसर नावाचं पेडल कमी पैशात घ्यायचं असेल तर काय बघून घ्यायचं.

हा विषय आमच्या घरातूनच आला. मी पुण्यात नोकरी करतो, पण घर लोह्याचं. नांदेडहून लातूरकडे निघालं की लोहा लागतं. माळेगावची खंडोबाची यात्रा आमच्याच तालुक्यात भरते. तिकडे माझा मावसभाऊ असतो, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. त्याच्याकडे एक साधी इलेक्ट्रिक गिटार आणि दहा वॅटचा छोटा अँप आहे. मागच्या कार्तिकात तो काकड्याला गिटार घेऊन देवळात जायला लागला. भजनी मंडळानंही हौसेनं बसवून घेतलं. चार दिवसांनी पेटी वाजवणारे काका त्याला म्हणाले, "पोरा, वाजवायलास चांगलं, पण तुझा सूर शब्द संपायच्या आधीच मरायलाय."

काकांचं बरोबर होतं. पेटीचा सूर भाता चालेल तोवर चालतो. गाणारा माणूस शेवटचं अक्षर ओढतो तेव्हा पेटी त्याच्याबरोबर जाते. गिटारच्या तारेला मात्र छेडताना जेवढी ताकद दिली तेवढीच. त्यानंतर ती फक्त खर्च होत जाते.

रात्री मला फोन. "दादा, चार हजार साठलेत. कंप्रेसर घेऊ का? सगळे म्हणायलेत त्यानं सस्टेन वाढतंय."

हे चार हजार त्यानं सुट्टीत मोबाइलच्या दुकानात काम करून साठवलेले. पेडल चुकलं तर दुसरं घ्यायला पैसे नाहीत. आणि आपल्याकडे दुकानात बसून चार पेडलं वाजवून बघायची सोय नसते, फोटो बघून ऑनलाइन मागवायचं. म्हणून मी त्याला म्हटलं, थांब, आधी हे पेडल करतं काय ते समजून घे.

तर कंप्रेसर करतो काय? घरात टीव्ही बघताना आई रिमोट घेऊन बसलेली असते ना, जाहिरात मोठ्यानं वाजली की आवाज कमी, संवाद हळू झाले की आवाज जास्त. कंप्रेसर म्हणजे तीच आई, फक्त सेकंदाच्या छोट्या छोट्या भागात काम करणारी. तार छेडल्यावर पहिला जोरदार ठोका येतो, तो दाबायचा. मग सगळ्याचाच आवाज वाढवायचा. त्यामुळे मागून येणारी हळू शेपटी वर येते, आणि आपल्याला वाटतं सूर लांबला.

लक्षात घ्या, तार जास्त वेळ हलत नाही. तिचं हलणं आहे तेवढंच आहे. फक्त शेवटचा हळू भाग आता ऐकू येतो.

आता थोडं गणित, घाबरू नका. कंप्रेसरमध्ये एक सीमा असते, तिला थ्रेशोल्ड म्हणतात. आणि एक रेशो असतो. समजा रेशो ४:१ आहे आणि तुमचा ठोका सीमेच्या १२ डेसिबल वर गेला. बाहेर येताना तो फक्त ३ डेसिबल वर राहतो. म्हणजे ९ डेसिबल दाबले गेले. मग पेडलचा लेव्हल वाढवून ते ९ डेसिबल परत दिले. ठोका होता तिथे आला. पण सीमेखालची शेपटी दाबलीच गेली नव्हती, ती ९ डेसिबल वर चढली. आता समजा तुमचा सूर सेकंदाला ६ डेसिबल वेगानं विरतोय. तर ९ भागिले ६, म्हणजे दीड सेकंद जास्त ऐकू येणार. एक ओढलेलं अक्षर सांभाळायला दीड सेकंद पुष्कळ झाला.

पण इथेच खरी गोम आहे, आणि आजच्या एपिसोडमधलं एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी चालेल: शेपटीबरोबर खरखरही तेवढीच वर येते.

तुमचा सूर कशात बुडतोय ते बघा. पंख्याच्या आवाजात, टाळ-मृदंगाच्या आवाजात बुडत असेल, तर कंप्रेसरचा फायदा आहे. कारण तो पंख्याचा आवाज वाढवत नाही, गिटारचा वाढवतो. पण सूर गिटारच्याच वायरमधून येणाऱ्या घूंऽऽ अशा आवाजात बुडत असेल, तर पेडल सूर ९ डेसिबल वर नेईल आणि ती घूंही ९ डेसिबल वर नेईल. हातात शून्य. चार हजार गेले आणि गुंजारव मिळाला.

म्हणून मी भावाला आधी तीन कामं सांगितली. पेडल नंतर.

पहिलं काम, घूं शोधणं. आपल्या विजेचा ठोका ५० हर्ट्झचा, तीच घूं गिटारच्या पिकअपमध्ये शिरते. अँप चालू कर, काही वाजवू नकोस, नुसतं ऐक. त्याच बोर्डावरचा मोबाइलचा चार्जर काढ. ट्यूबलाइट आणि अँपपासून गिटार लांब धर, थोडं वळून बस. फरक पडतो का? भावाचा अँप तीन पिनांचा होता, पण तो दोन पिनांच्या एक्स्टेंशनवर लावलेला. म्हणजे अर्थिंगच नाही. हे खरखरीपेक्षाही जिवाच्या दृष्टीनं वाईट आहे, कारण गिटारच्या तारा अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि आपला हात तारांवर असतो. मंडळी, अर्थिंगची पिन कधीही टाळू नका. बोर्ड बदलला आणि अर्धी घूं तिथेच गेली.

दुसरं काम, तारा आणि सेटअप. त्याच्या तारा दीड वर्ष जुन्या, घामानं काळ्या पडलेल्या. जुनी तार लवकर विझते. नवीन सेट काही शे रुपयांत येतो. तार फ्रेटला घासत असेल, चर्र होत असेल, तर तिथेच ताकद वाया जाते. तार थोडी उचलावी लागते. पिकअप तारेच्या फार जवळ असेल तर त्याचं चुंबक तारेला ओढतं आणि सूर आखडतो. स्क्रूनं तो थोडा खाली घ्यायचा. मिरजेचे तंबोरे तुम्ही ऐकले असतील, २०२४ मध्ये त्यांना जीआय मानांकनही मिळालं. तंबोऱ्यात वीज नाही, पेडल नाही, तरी सूर केवढा घुमतो! तार घोडीवर कशी टेकते आणि तिच्याखाली सुताचा धागा नेमका कुठे बसतो, तिथे जवारी उघडते. धागा केसभर सरकला तरी आवाज बदलतो. म्हणजे सूर आधी तार आणि लाकडाच्या जागी कमवायचा. पेडल फक्त कमावलेलं दाखवतं.

तिसरं काम, फुकटात कंप्रेसर वापरून बघणं. मित्राच्या लॅपटॉपवर ऑडॅसिटी टाक, ते मोफत आहे. गिटार रेकॉर्ड कर, त्यात कंप्रेसर इफेक्ट लाव, रेशो ४ ठेव, आणि आधीचं-नंतरचं ऐक. आवडलं तरच पैसे काढ. आपण नाही का, प्रॉडक्शनवर टाकायच्या आधी लोकलवर चालवून बघत? तसंच.

हाताचंही एक सांगतो. बोट फ्रेटच्या अगदी मागे ठेवून नीट दाबलं, आणि सूर लागल्यावर बोट हलकं डोलवलं, तर कान त्या सुराला जास्त वेळ धरून ठेवतो. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारेवर पोलादी दांडी सरकवत रागसंगीत वाजवलं. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या रेकॉर्डवर त्यांची गिटार आहे, जरूर ऐका. एकदा छेडलेल्या तारेतून मींड काढत किती स्वर काढता येतात, ते तिथे कळतं.

आता पेडलं. हे सगळं करूनही कमी पडत असेल, तर पुढे या.

या घराण्यातलं प्रसिद्ध नाव म्हणजे एमएक्सआर डायना कॉम्प, १९७० च्या दशकातलं. दोनच बटणं: किती दाबायचं आणि किती आवाज सोडायचा. दुसरं बॉस सीएस-३, त्याला चार बटणं: लेव्हल, टोन, अटॅक, सस्टेन. दोन्ही चांगली, दोन्ही आपल्या चार हजारांच्या बाहेर.

स्वस्तात तीन नावं बघण्यासारखी. बेहरिंगर सीएस४००: सीएस-३ सारखीच चार बटणं, पण डबा प्लास्टिकचा. पायानं हळू दाबायचं, उडी मारायची नाही. जोयोचं डायनॅमिक कंप्रेसर: डबा धातूचा, जुन्या रॉस कंप्रेसरच्या वळणाचं. आणि मूअरचं यलो कॉम्प: छोटं, धातूचं, आत प्रकाशावर चालणारं सर्किट, त्यामुळे दाब मऊ लागतो. पण त्याला अटॅकचं वेगळं बटण नाही आणि बॅटरी बसत नाही, अडॅप्टर लागतोच. किंमती सारख्या वर-खाली होतात, त्यामुळे घ्यायच्या दिवशी तिन्ही एकदम बघा.

मी अटॅकचं बटण असलेलं घ्या म्हणतो. का? ते ठरवतं की पहिला ठोका किती मोकळा सोडायचा. ठोका पूर्ण दाबला तर गिटार गुळगुळीत होते, टाळ-मृदंगात शब्दाची सुरुवात हरवते. थोडा सोडला तर सुरुवातही कळते आणि शेपटीही लांबते. पहिल्यांदा शिकणाऱ्याला हा फरक कानानं कळायला हवा.

अजून एक. तुमच्याकडे एकही पेडल नसेल, तर झूम जी वन फोरसारखं मल्टी-इफेक्ट सेकंडहँड मिळतंय का तेही बघा. त्यात कंप्रेसरबरोबर बाकी बरंच येतं. आणि तुम्ही कायम ओव्हरड्राइव्ह लावूनच वाजवत असाल, तर तो स्वतःच सूर दाबून लांबवतो. तुम्हाला कदाचित कंप्रेसरची गरजच नाही.

अडॅप्टरचं ऐका, कारण यात मी स्वतः हात पोळून घेतलेत. माझ्या पहिल्या पेडलला मी घरातला राउटरचा जुना अडॅप्टर लावला. नऊ व्होल्ट लिहिलं होतं, पिन बसली, मी खूश. पेडल कायमचं झोपलं. अशा पेडलांना बहुतेक वेळा आतली पिन निगेटिव्ह लागते, आणि राउटरच्या अडॅप्टरची आतली पिन सहसा पॉझिटिव्ह असते. अडॅप्टरवर गोल आणि टिंब असलेलं छोटं चित्र असतं. टिंबाकडून येणारी रेघ वजाकडे गेली पाहिजे. दोन मिनिटं चित्र बघा, हजारो रुपये वाचतील. बजेट करताना अडॅप्टर आणि एक छोटी पॅच केबल धरूनच करा.

जोडणी अशी: गिटार, मग कंप्रेसर, मग ओव्हरड्राइव्ह असेल तर तो, मग डिले, मग अँप. ओव्हरड्राइव्हच्या मागे कंप्रेसर लावला तर त्याची सगळी खरखर वर येते. सुरुवातीला सगळी बटणं मधोमध ठेवा. पेडल चालू-बंद करून आवाज सारखा येईपर्यंत लेव्हल जुळवा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण नुसता मोठा झालेला आवाज कानाला 'चांगला' वाटतो आणि आपण फसतो. मग सस्टेन हळूहळू वाढवा. वाजवणं थांबवल्यावर खरखर फुगून वर यायला लागली की तिथून थोडं मागे या.

भावानं शेवटी काय केलं? बोर्ड, तारा, सेटअप केला, ऑडॅसिटीत ऐकलं, मग बेहरिंगर घेतलं. अडॅप्टरसकट चार हजारांच्या आत बसलं. गावातल्या सप्ताहात तो पुन्हा काकांच्या शेजारी बसला. पहिल्या दिवशी जोशात सस्टेन पूर्ण फिरवलं. काका म्हणाले, "सूर टिकायलाय आता. पण हळू वाजवलं काय अन् जोरात काय, सारखंच ऐकू यायलंय."

पुन्हा काकांचंच बरोबर! कंप्रेसर सूर देतो, पण चढ-उतार घेतो. दुसऱ्या दिवशी त्यानं बटण मधोमध आणलं. सूर थोडा आखूड झाला, पण भजन हळू झालं की गिटारही हळू होत होती. आता ते बटण तिथेच असतं.

तर मंडळी, पैसे काढण्याआधी आज रात्री एक करा. अँप चालू करा, हात तारांवर ठेवा, काही वाजवू नका, आणि एक मिनिट नुसतं ऐका. तुमचा सूर पंख्यात बुडतोय की वायरमध्ये, हे कळलं की पेडल घ्यायचं की बोर्ड बदलायचा, ते तुमचं तुम्हालाच कळेल. काय ऐकू आलं ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर वाजवत राहा!