उरली लोकर, जुळले रंग
(महिला मेळाव्यात केलेले भाषण)



क्रोशाच्या पांघरुणांवर बोलायचे ठरले तेव्हा पहिला प्रश्न घरातूनच आला : "रायपूरसारख्या गावात लोकरीचे पांघरूण हवे कशाला?" मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या माणसाचा प्रश्न रास्तच आहे. पण पौषात पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो, तेव्हा जाड रजई नकोशी होते आणि नुसती चादर पुरत नाही. क्रोशाचे जाळीदार पांघरूण अगदी त्या मधल्या थंडीसाठी आहे. शिवाय दिवसा ते दिवाणावर शोभून दिसते.

इंग्रजीत अशा पांघरुणाला 'अफगाण' म्हणतात. अफगाणिस्तानातील रंगीत वस्त्रांवरून ते नाव पडले. त्यातला प्रसिद्ध 'ग्रॅनी स्क्वेअर', म्हणजे आजीचा चौकोन, अमेरिकेतल्या 'प्रेअरी फार्मर' या शेतकऱ्यांच्या नियतकालिकात १८८५ साली छापून आला होता. लोकरीचे उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत, एवढाच त्यामागचा विचार. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवे काहीच वाटले नसते.

साखळी आणि खांब घालता आले की चौकोन येतो. अडते ते रंगांपाशी. याबाबत एक गोष्ट सांगते. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख होते. निळ्या-जांभळ्याशेजारी वापरलेला काळा धागा फिका दिसतो, अशी त्यांच्याकडे तक्रार आली. तपासल्यावर कळले की रंगात खोट नाही. शेजारच्या रंगामुळे तो तसा दिसतो. यावरचा त्यांचा ग्रंथ १८३९ साली प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी त्याचा अर्थ एवढाच, की रंग एकेकटा पाहून घेऊ नये. त्याच्या शेजारी कोण बसणार आहे ते आधी पाहावे.

हे आपल्या पैठणीला ठाऊकच आहे. अंगाचा रंग एक, काठ त्याच्या विरुद्ध. मोरपंखीला राणी काठ, पिवळ्याला जांभळा. मी पांघरूणही तसेच ठरवते. एक मुख्य रंग भरपूर, दुसरा काठासारखा त्याहून कमी, आणि तिसरा झणझणीत रंग ताटातल्या चटणीइतकाच. चटणी वाटीभर वाढली तर जेवण बिघडते! डाळिंबी, आमसुली, अबोली, शेवाळी, श्रीखंडी, गुलबक्षी अशी रंगांची नावे आपल्या भाषेत मुबलक आहेत. रंग ठरवताना ती वापरा, डोळ्यांसमोर नेमकी छटा उभी राहते.

आणि इथले रंग का घेऊ नयेत? चांपाच्या कोशाचा तो मधासारखा सोनेरी रंग, आणि बस्तरच्या पाटा लुगड्यातला आलच्या मुळापासून काढलेला गडद तांबडा, हे दोन शेजारी ठेवून पाहा. भोसल्यांच्या काळापासून आपली माणसे छत्तीसगडात नांदत आहेत. इथला रंग आपल्या विणकामात यायलाच हवा.

आता खरेदीचे. दुकानात हिंदीत 'ऊन' मागायचे आणि ते मराठी उन्हात नेऊन बघायचे! ट्यूबलाइटखाली निळा आणि जांभळा हमखास फसवतात. निवडलेले रंग एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी गुंडाळा आणि मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. सगळे पट्टे एकसारखे करडे दिसले, तर गडद-फिक्याचा फरक कमी पडतो आहे असे समजा. सहा इंची चौकोन घेतले तर दहा बाय चौदा, म्हणजे १४० चौकोनांत पाच फूट बाय सात फुटांचे पांघरूण होते. एक चौकोन विणून तो वजन करा. नऊ ग्रॅम भरला, तर १२६० ग्रॅम लोकर लागेल. जोडणी आणि काठासाठी थोडी जास्त धरा. मुख्य रंगाची लोकर एकदमच घ्या आणि लेबलवरचा लॉट नंबर एकच आहे ना, ते पाहा. लॉट बदलला की छटा बदलते.

माझ्या आईने शेवटच्या आजारपणात डाळिंबी रंगाचे पांघरूण विणायला घेतले होते. निम्मे झाले आणि ती गेली. तो डाळिंबी मी इथल्या गोलबाजारापासून नागपूरच्या सीताबर्डीपर्यंत शोधला. मिळे, पण दरवेळी छटा थोडी वेगळी, आणि शेजारी ठेवली की फरक लगेच डोळ्यांत खुपे. शेवटी मी जुळवण्याचा नाद सोडला. आईचे काम जिथे थांबले तिथे काळ्या खांबांच्या दोन ओळी घातल्या आणि पुढे सरळ मोरपंखी घेतला. इथपर्यंत आई, इथून पुढे मी, हे आता कोणालाही दिसते. दिसू दे. न जुळणारा रंग लपवण्यापेक्षा त्याला काठ द्यावा, हे मला त्या पांघरुणाने शिकवले.

म्हणूनच आज एक विनंती. प्रत्येकीच्या माळ्यावर उरलेल्या लोकरीची पिशवी आहेच. वीसजणींनी सात-सात चौकोन विणले, की १४० होतात. लोकरीची जाडी सारखी आणि माप सहा इंच, एवढे पाळा. रंग ज्याचा त्याचा. जोडणी सगळीकडे काळ्या लोकरीने करू. काळ्यामुळे रंग उठून दिसतात आणि वीस हातांचे काम एक वाटते. थंडीत सरकारी रुग्णालयांच्या आवारात रुग्णांचे नातेवाईक उघड्यावर झोपतात. ही पांघरुणे त्यांना देऊ.

"तीन-चारशे रुपयांत तयार ब्लँकेट मिळते की!" असे कोणी म्हणेल. मिळते, आणि जमेल त्यांनी तेही जरूर द्यावे. पण पिशवीतली लोकर पडून कोणाला ऊब देत नाही. शिवाय मुले पुण्या-बंगळुरूला गेल्यावर ज्या घरी संध्याकाळ सरता सरत नाही, तिथल्या मावशी-काकूंना हातात सुई आणि चौकडीत चार मैत्रिणी मिळतील. दक्षिण आफ्रिकेत २०१४ च्या नेल्सन मंडेला दिनासाठी ६७ पांघरुणे विणायचे ठरले आणि त्याची देशभर चळवळ झाली. चेन्नईच्या 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने ३१ जानेवारी २०१६ रोजी ११,१४८.५ चौरस मीटरचे क्रोशाचे पांघरूण जोडून गिनीज विक्रम केला. आपल्याला विक्रम नको. या पौषाआधी पाच पांघरुणे झाली तरी पुष्कळ आहे.

चौकोन घेऊन या, जोडणीला मी आहेच. एवढे बोलून माझे दोन शब्द संपवते. गणपती बाप्पा मोरया!