अनायरिन बेव्हन : खाणीतून मंत्रिपदाकडे
(वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र सांगावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. मी आपल्या ज्ञातीतीलच एखादी विभूती निवडीन, अशी पुष्कळांची अपेक्षा असेल. परंतु मी वेल्समधील एका खाणकामगाराची हकीकत सांगणार आहे. तिचा आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीशी संबंध आहे.

अनायरिन बेव्हन यांचा जन्म १८९७ साली ट्रेडीगर या कोळशाच्या गावी झाला. वडील खाणकामगार. मुलगा बोलताना अडखळे. शाळेत त्याचे मुळीच जमले नाही. तेराव्या वर्षी तो खाणीत उतरला. मात्र कामगारांच्या वाचनालयातील ग्रंथ त्याने पालथे घातले. जो शब्द जिभेवर अडे त्याच्या जागी दुसरा योजता यावा, म्हणून त्याने शब्दांचा साठा केला, आणि त्यातूनच पुढे पार्लमेंटातील एक अव्वल वक्ता निपजला. (माझ्या वर्गातही असा एक विद्यार्थी होता. मी त्यास उभे करून कविता म्हणावयास लावी, मुले हसत. ते स्मरले की आजही मान खाली जाते.)

कामगार संघटनेच्या साहाय्याने लंडनमध्ये दोन वर्षे शिकून ते १९२१ साली परतले, तो त्यांना कामच मिळेना. १९२५ साली वडील फुफ्फुसांत धूळ साचून वारले. पुढल्याच वर्षीच्या संपात बेव्हन कामगारांचे पुढारी होते. १९२९ साली एब्बू व्हेलमधून ते पार्लमेंटात गेले, ते अखेरपर्यंत.

आता मुख्य गोष्ट. ट्रेडीगरचे कामगार मजुरीतून थोडे थोडे पैसे एका वैद्यकीय साहाय्य संस्थेत भरीत. त्यांतून डॉक्टर नेमले जात, औषधे मिळत. आरंभी ही सोय कामगारांचीच. पुढे गावातील बहुतेक कुटुंबे तीत आली. बेव्हन तिच्या रुग्णालय समितीवर होते. १९४५ साली आरोग्यमंत्री होताच त्यांनी हीच व्यवस्था साऱ्या देशास लागू करण्याचे मनावर घेतले. डॉक्टरांच्या संघटनेने कडवा विरोध केला. बेव्हननी मोठ्या तज्ज्ञांना खाजगी व्यवसायाची मुभा देऊन तो विरोध सैल केला. हट्टी माणूसही कोठे वाकावे हे जाणत होता. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. रोग्याने दारात पैसे मोजावयाचे नाहीत, आणि तो कोण, कोठला, हेही विचारावयाचे नाही. १९५१ साली कवळ्या व चष्मे यांवर आकार बसविण्याचे ठरताच त्यांनी मंत्रिपद सोडले. ६ जुलै १९६० रोजी ते निवर्तले.

आपला निधी वडीलधाऱ्यांनी पैपैने उभारला, हे मी विसरलेलो नाही. परंतु आपल्या दवाखान्याच्या पायरीवर परज्ञातीची एक बाई तापलेले मूल घेऊन बसली होती आणि वहीत नाव नाही म्हणून परत गेली, हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे. दवाखाना सर्वांस खुला करण्याचा ठराव दुपारच्या सभेपुढे आहे. माझा हात वर असेल.